गोष्टीतली बुढी आणि आमची मोठीमाय

आमच्या बालाघाटच्या मराठी मंडळात कथेतली म्हातारी कशी असावी हे ठरलेलं आहे. जिद्दी, सोशिक, प्रेमळ आणि त्यागी. यातला पहिला गुण नावापुरता. उरलेले सगळे मुलांच्या सोयीचे.

माझ्या चुलतभावाने याच मापाची म्हातारी बेतली. साहेब नोकरीतून निवृत्त झाले आणि लगेच लेखक झाले. घरात बोलणं हिंदी, भांडण हिंदी. मराठी फक्त मंडळाच्या कार्यक्रमाला, इस्त्रीच्या कुर्त्याबरोबर बाहेर निघते. कथेची नायिका त्याची आई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आम्ही तिला मोठीमाय म्हणतो.

मोठीमाय लामत्याजवळच्या खेड्यात एकटी राहते. तिची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं वावर, अगदी रस्त्याला लागून आहे. तीत ती दरवर्षी वासाचा चिन्नोर तांदूळ लावते, आणि रोवणीचं पहिलं रोप स्वतः चिखलात उतरून खोचते. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं ते करायचं, अशी आमच्याकडची रीत. भावाला त्या बांधीत प्लॉट पाडायचे होते आणि मोठीमाय काही केल्या सही करत नव्हती.

ती जिद्दी आहे, पण सोशिक वगैरे अजिबात नाही. लोणच्याची बरणी कुलपात ठेवते. सुनेच्या चहाला घोट घ्यायच्या आधीच नावं ठेवते. हात दाखवून बस थांबवते आणि शेजारणीशी चाललेलं बोलणं संपवून मगच चढते. कंडक्टर ओरडला तर त्याच्या आईची चौकशी करते. मला ती फार आवडते असंही नाही. तिच्याकडे दोन दिवस राहिलं की माणसाला देव आठवतो.

रोवणी तोंडावर आलेली असताना भावाने तिला गाडी पाठवून कार्यक्रमाला आणवलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मग कथा वाचली. कथेतली म्हातारी शेवटी वावर मुलाच्या नावे करते, तुळशीला पाणी घालते आणि हसतमुखाने प्राण सोडते. किती शहाणी! लगेच रुमाल निघाले. त्यानंतर अध्यक्षांनी "जिच्या त्यागावर ही कथा बेतली, ती माऊली" म्हणून मोठीमायला मंचावर बोलावलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार लोकांत माऊली म्हणवून घेतलेली बाई उद्या सही कशी नाकारणार? आईच्या वावरासाठी हा सगळा साहित्याचा घाट! माझं डोकं तापलं.

आमच्या मंडळाची एक खोड आहे. म्हातारीला शाल पांघरली की तिच्यापुढे माइक धरायचा, "दोन शब्द बोला" म्हणायचं, आणि ती लाजून हात जोडणार असं धरून चालायचं. तसा तो धरला.

मोठीमायनं माइक बाजूला सारला. बांधीच्या एका टोकाच्या धुऱ्यावरून दुसऱ्या टोकाच्या मजुरांना हाका मारणारी बाई ती, तिला माइक कशाला?

"गोष्ट चांगली लिवली पोरानं," ती म्हणाली. भाऊ खुलला. "त्यातली बुढी लय गुणाची हाये. तिनं वावर देऊन टाकलं अन् मेली बिचारी. तिचं तिनं देलं बाप्पा. माह्यं मले पायजे. मी अजून मेली नाही."

मी टाळ्या वाजवल्या, एकटीनंच. इतका आनंद मला मंडळात कधी झाला नव्हता.

"गाडी कुठं हाये?" मोठीमायनं भावाला विचारलं. "तिकडं रोपात ढोरं शिरतीन."

"मां ने नाक कटवा दी," भाऊ नंतर मला म्हणाला. मराठी मंडळाच्या दारातच.

रोवणीच्या दिवशी मी मुद्दाम गेले. भाऊ आला नव्हता. मोठीमायनं मंडळाची शाल कमरेला घट्ट बांधली, लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. गुडघे कुरकुरत होते, म्हणून तिनं आधी गुडघ्यांना शिव्या घातल्या. मग वाकून पहिलं रोप खोचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्याले सांगजो," ती म्हणाली, "त्या गोष्टीतल्या बुढीचं वावर इक म्हणाव."