काकडं म्हणजे काकड्या

आमच्या कंपनीने आदिवासी पाडा दत्तक घेतला तेव्हा मी तिथे परचेस खात्यात टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, मुलुंडचा कारखाना, मागे डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी तो पाडा. दत्तक घेणारे आमचे पर्सोनेल मॅनेजर जेमतेम चाळिशीचे, आणि पाड्यातली सगळ्यात कर्ती बाई साठी उलटलेली. म्हणजे लेकाने आईला दत्तक घेतल्यासारखंच झालं. पण नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘दत्तक’ असंच लिहिलं होतं आणि त्याखाली साहेबांचा हसरा फोटो. कारखान्याची भिंत घातली तेव्हा पाड्याची पायवाट अडली होती. ती मोकळी करून द्या, एवढं एकच ही माणसं वर्षानुवर्षं मागत होती. पायवाट मात्र दत्तकविधानात बसली नाही.

बसलं ते असं, की कॅन्टीनसाठी रानभाजी दर आठवड्याला पाड्यातूनच घ्यायची. आता यात वाईट काही नव्हतं, हे मीही मान्य करते. ती बाई आणि पाड्यातल्या आणखी चौघीजणी मुलुंड स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बसत. म्युनिसिपालिटीची गाडी दिसली की पाट्या उचलून गल्लीत पळत. या वयात तिच्याच्याने ते पळणं होत नव्हतं. कॅन्टीनची ऑर्डर टिकली तर तिला पळावं लागणार नव्हतं. तेवढ्या आशेवर तिने साहेबांचं ‘आदिवासी बांधवांचे उत्थान’ हे भाषण शेवटपर्यंत उभ्याने ऐकलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कोणी बस म्हटलं नाही.

मग तिला माझ्या टेबलाशी पाठवलं, काय माल देणार ते लिहून घ्यायला.

“शेवळं लिव,” ती म्हणाली. “आन् काकडं लिव. दोनी संगं.”

मला समजावून सांगायची गरज नव्हती. आम्ही मूळचे अलिबागकडचे. मिरगाच्या सुमाराला रानात शेवळांचे जांभळट कोंब वर येतात. चवीला झकास, पण नुसती शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की माणूस रडकुंडीला येतो. त्यावर उतारा काकडांचा. ही छोटी, हिरवी, आंबट फळं त्याच दिवसांत मिळतात आणि त्यांचा रस भाजीत घालावाच लागतो. माझी आई तर काकडं पिशवीत पडल्याशिवाय शेवळांना हात लावत नसे.

कागद परचेस ऑफिसरांकडे गेला. हे पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, हातात कायम लाल पेन्सिल.

“काकडं म्हणजे काकड्या ना? त्या आपल्या रोजच्या भाजीवाल्याकडून येतातच की. डुप्लिकेट आयटम नको.”

“सर, ती काकडी नाही. ते वेगळं फळ—”

“तुम्ही टाइप करा.”

मी टाइप केलं. मला अजून कायम केलेलं नव्हतं आणि कायम करण्याच्या कागदावर त्यांचीच सही लागणार होती. ते कारण होतं, सबब नव्हती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं. सबबच होती.

पहिला माल आला त्याच दिवशी हेड ऑफिसचे डायरेक्टर सपत्नीक जेवायला येणार होते. खास आदिवासी भोजन! सकाळी मला गेटवर बोलावणं आलं. वॉचमनने शेवळांच्या पाट्या आत सोडल्या होत्या आणि बाईच्या काखेतलं फडकं अडवलं होतं. फडक्यात काकडं.

“ऑर्डरमध्ये एकच आयटम आहे,” वॉचमन म्हणाला.

“अगं बाय, तूच लिवलंस ना?” ती माझ्याकडे वळली. “सांग त्याला.”

माझ्या हातात मीच टाइप केलेली ऑर्डर होती. “मावशी, यात नाही ते,” मी म्हटलं.

“कागूद खानार हायेत का ते? घसा धरंल त्यांचा!”

ते फडकं मी माझ्या पर्समधून आत नेऊ शकले असते. कॅन्टीनचा आचारी उडुपीकडचा, त्याने जन्मात शेवळं पाहिली नव्हती. निदान त्याच्या कानावर घालू शकले असते. मी जिना चढून वर गेले आणि ऑर्डर फाइलला लावली.

जेवणाचं काय झालं ते सांगायला नकोच, तरी सांगते. डायरेक्टरांनी पहिल्या घासाला मान डोलावली. तिसऱ्या घासाला बाईसाहेबांनी पाण्याचा ग्लास ओढला. भाषणाला उठलेले पर्सोनेल मॅनेजर ‘आपले आदिवासी बांध—’ इथपर्यंत पोचले आणि पुढे नुसतेच खाकरत राहिले. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? परचेस ऑफिसर लालबुंद होऊन काकडीची कोशिंबीर खात सुटले होते. कोशिंबीर भरपूर होती, पण तिचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर रद्द. ‘माल खाण्यास अयोग्य, पुरवठादार भरवशाचा नाही,’ अशा अर्थाचं इंग्रजी पत्र त्या बाईला गेलं, जिला मराठीही वाचता येत नव्हतं. तेही मीच टाइप केलं. शेवळांचं नाव त्यात होतं, काकडांचं अर्थातच नव्हतं. कंपनीच्या मासिकात मात्र पाटीसकट तिचा फोटो छापून आला, ‘दत्तक पाड्यासोबत स्नेहभोजन’. भोजनाला तिला कोणी बोलावलंच नव्हतं. त्याच महिन्यात मी कायम झाले.

पुढल्या वर्षी, त्याच दिवसांत, ती मला स्टेशनबाहेर दिसली. समोर पाटी, एक डोळा रस्त्यावर, गाडी येते का ते बघत. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला तिने शेवळांवर ओंजळभर काकडं न मागता घातली. मग मी उकिडवी बसले. तिने माझ्या पिशवीत शेवळं टाकली आणि हात आवरता घेतला.

“मावशी, काकडं?” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

“लिवून आनलंस का?”