काळ्या साडीतल्या आईला भेटायला: खराडी ते डेक्कन

रविवारी डेक्कनला स्वतःची गाडी नेण्याचं खूळ मी कधीच सोडलंय. पार्किंग शोधण्यातच सुट्टी संपते. म्हणून खराडीहून रिक्षा केली, वाट वाकडी करून हडपसरला आईला घेतलं. बस स्वस्त पडते, पण आईचे गुडघे कुरकुरतात.

निमित्त घरचंच होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबांनी आईचं काढलेलं चित्र डेक्कनच्या एका प्रदर्शनात लागलं होतं. बाबा तेव्हा नव्या वळणाचे चित्रकार. नाकडोळे हुबेहूब नाहीत, नुसते आकार आणि रंग. "नव्या सुनेला रडकी काढलीस, घरात नको," असं आजीने ठणकावलं, आणि बाबांनी चित्र मित्राला देऊन टाकलं. आईने ते लांबूनच काय ते पाहिलेलं. आता बाबाही नाहीत.

"माहेरची आठवण यायची गं तेव्हा," आई रिक्षात म्हणाली. "यांना वाटलं असेल, ही आपल्याकडे सुखी नाही. विचारायचा धीरच झाला नाही कधी."

मी म्हटलं, आधी मिसळ खाऊ. जाणार असाल तर तुम्हीही खाऊनच जा, आत पाणीसुद्धा मिळत नाही. प्रवेश मात्र फुकट. दारावर पाटी होती: 'चित्रांना हात लावू नये. चित्रे आपणांस लावत नाहीत.' पुण्यात आहोत याची खात्री पटली.

चित्र समोरच्याच भिंतीवर होतं. काळ्या साडीचा मोठा त्रिकोण, त्यावर वाकलेली लांब मान, चेहरा नारिंगी, गळ्यापाशी पांढरे ठिपके. शेजारची कॉलेजातली मुलगी मित्राला समजावत होती, "मान बघ ना, टोटल ग्रीफ आहे. ते डॉट्स म्हणजे टिअर्स."

आईने माझा हात घट्ट धरला. मलाही रडूच दिसत होतं.

मग आई चष्मा सावरत पुढे गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

"अगं, हा गाल बघ. एकच फुगलाय."

खरंच, एक गाल टम्म होता.

"पहिली संक्रांत होती माझी. काळी साडी, हलव्याचे दागिने. हे तासन्‌तास बसवून ठेवायचे, भूक लागायची. मग मी मान खाली घालून हारातला हलवा हळूच तोंडात टाकायचे. मला वाटायचं, यांना काही कळत नाही."

मी ठिपके पाहिले. डावीकडे दाट होते, उजवीकडे मधूनमधून गायब. आईने हलवा खाल्लेली जागासुद्धा बाबांनी रिकामी ठेवली होती. मी इतकी हसले की पहारेकरी आला. आईने त्या मुलीलाही बोलावून गाल दाखवला, आणि मग तिघीजणी हसलो.

संध्याकाळी घरी चहा झाला. त्या चित्रात मला आता रडू शोधूनही सापडत नाही. नारिंगी रंग केवढा ऊबदार आहे, हेच आठवतं. आईने कप खाली ठेवला.

"एवढं निरखून बघायचे होय मला," ती म्हणाली, आणि या वयात चक्क लाजली.