कासेला हात लावू न देणारी म्हैस

फौजदार म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कोल्हापुरातला सत्तरच्या दशकातला तो म्हैसचोरीचा गुन्हा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

एक बाई ठाण्यात आली, मागे नवरा. माहेरून मिळालेली तिची म्हैस गोठ्यातून चोरीला गेली होती. रोज संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर म्हैस न्यायची, गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याने धार काढून धारोष्ण दूध पेल्यातून द्यायचं, त्यावर घर चालायचं. चोरी झालेला माणूस ठाण्यात आरडाओरडा करून आम्हाला नकोसं करतो. हा मात्र फिर्याद लिहून होईपर्यंत मान खाली घालून बसला, आणि तोंडाला दारूचा वास. संशय आलाच. वेगळं बसवून दरडावलं, चहाही पाजला. पठ्ठ्याने चहा तेवढा संपवला, कबूल काही केलं नाही.

मग खबऱ्याने बातमी आणली. गावाबाहेरच्या हातभट्टीवाल्याकडे नवी म्हैस आलीय आणि ती कासेला कुणाला हात लावू देत नाही. पंच घेऊन छापा घातला. ओळख पटवायला नवरा-बायको सोबत होते. म्हशीची कास तुंबून ताठरली होती. ते बघून नवरा म्हशीपाशी धावला.

"साहेब, मीच दिली हिला, दारूपायी. बेड्या मागनं घाला. आदी धार काढू द्या, दुखतंय तिला."

दारूने त्याचे हात थरथरत होते, तरी म्हशीने पान्हा सोडला. माझा हवालदार तोंड फिरवून उभा राहिला.

भट्टीवाल्यावर गुन्हा दाखल झाला, म्हैस बाईच्या गोठ्यात परत गेली. नवऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. बाई म्हणाली, "आत घातलासा तर सुटून परत तितंच जाईल. दारू सोडवायचं कलम न्हाय का तुमच्याकडं?"

नव्हतं. फार वाईट वाटलं. कोर्टाच्या परवानगीने तिने त्याच्यावरची फिर्याद मागे घेतली आणि आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात दाखल केलं; तिथून रोज दोन्ही वेळा एक शिपाई त्याला धारेपुरता गोठ्यात आणायचा.

तो घरी आल्यावर खरी कसोटी दिवेलागणीची होती, कारण धार काढून झाली की त्याचे पाय भट्टीकडे वळायचे. कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांनी आपसांत ठरवलं, दूध पिऊन झालं तरी उठायचं नाही. त्याला मध्ये बसवून गप्पा मारायच्या आणि जेवणवेळेला घरापर्यंत पोचवायचं. एकदा तो घसरला, कट्ट्यावर आलाच नाही. तेव्हा ही सगळी मंडळी पेले घेऊन त्याच्या दारात जाऊन बसली. त्यांच्यातले तालमीचे वस्ताद एवढंच म्हणाले, "म्हस तुंबलीया. ऊठ." तो उठला.

मी पुष्कळांकडून गुन्हे कबूल करून घेतले. कबुलीनंतर माणसाला रोज संध्याकाळी सोबत लागते, हे मला त्या कट्ट्याने शिकवलं. माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला तिथे गेलो. त्याने धार काढली आणि काठोकाठ भरलेला पेला माझ्यापुढे धरला. थेंबही सांडला नाही.