हात न लावण्याची बढती

कल्याणची एसटी आमच्या फाट्यावर सकाळी यायची. ती येईपर्यंत कोण कुठे चाललंय, कशासाठी चाललंय, याची चौकशी करायचा फाट्यावरच्या प्रत्येकाला जन्मसिद्ध हक्क होता. मी गाव सोडलं त्या सकाळी आप्पा, म्हणजे माझे वडील, पिठाची गिरणी बंद करून मला सोडायला आले होते. भुवयांवर पीठ तसंच. शेजारी आई, हातात दशम्यांचं गाठोडं.

"कुठं चालला शिवा?" कुणीतरी विचारलं.

"कल्याणला. दवाखान्याच्या लायनीत," आप्पा म्हणाले.

"कंपाउंडर का?"

आप्पा जरा थांबले. "त्याच्या वरचं," ते म्हणाले आणि एसटी येते का ते बघायला उगाच रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन आले.

नर्सिंग हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्यांच्या लेखी तो बायकांचा शब्द होता. कल्याणला आत्याच्या चाळीत एक सिस्टर राहायच्या, त्यांनी आत्याला सांगितलं होतं की हल्ली मुलांनाही घेतात. माझे बारावीचे मार्क पाहता मला दुसरं कुणी घेणार नव्हतं. आईने गाठोडं हातात देताना एवढंच सांगितलं, "रक्त बघून जेवण सोडू नको." पुढे शिकलेल्या सगळ्या पुस्तकांत इतका कामाचा सल्ला मला मिळाला नाही.

हे सगळं लिहायचं कारण, आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या कल्याण-डोंबिवली शाखेने स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'यशोगाथा' मागितली आहे. सोबत फोटो, शक्यतो कोटातला. कोट माझ्याकडे आहे, एका परिषदेसाठी शिवलेला. यशोगाथेचं मात्र जमेना. म्हणून जे गावात राहिले त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे घाट उतरून इकडे आले त्यांच्यासाठी, जे झालं तेच लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी नुसता कोट छापावा.

नर्सिंग स्कूलमध्ये आमच्या वर्गात मुलीच मुली, आणि आम्ही मुलगे शेवटच्या बाकावर मावू एवढे. पहिल्या वर्षी शपथविधी झाला. हातात मेणबत्ती घेऊन सेवेची शपथ घ्यायची. प्रमुख पाहुणे कुणी समाजसेवक होते. त्यांनी समोर नीट बघितलं नसावं. "तुम्ही सगळ्या जणी उद्याच्या माता आहात," ते गहिवरून म्हणाले. आम्हीही टाळ्या वाजवल्या. मेण हातावर सांडलं ते वेगळंच.

वॉर्डात मला 'ब्रदर' म्हणायचे. ते फक्त स्टाफ. पेशंटचे नातेवाईक सकाळी डॉक्टर म्हणायचे, दुपारी वॉर्डबॉय आणि बिल आलं की 'ए भाऊ'. बाळंतपणाच्या विभागात आम्हाला दारापर्यंतच प्रवेश. बाकी ठिकाणी जड माणूस उचलायचा असेल तर आमची आठवण हमखास. "ब्रदर, जरा या ना," ही हाक ऐकली की मी आधी बाह्या वर करायचो, मग काय काम आहे ते विचारायचो.

पण एक सांगायलाच हवं. ते काम मला आवडायला लागलं, आणि ते कधी आवडायला लागलं हेही मला माहीत आहे. कोलशेतचे एक आजोबा पाय मोडून आमच्याकडे पडले होते. त्यांच्या घरच्यांची पूर्वी मिठागरं होती, आता त्या जागेवर इमारती. गळ्यात जाड चेन, उशाला दोन मोबाइल, आणि चार दिवस कुणाला अंगाला हात लावू दिलेला नाही. सिस्टर जवळ गेल्या की डोळे मिटून घ्यायचे. मी गेलो तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"तू ब्रदर हायस ना? मंग तूच धू मना. त्या पोरींना काय सांगू मी?"

मी पडदा ओढला. कोमट पाणी, साबण, दोन टॉवेल. एका कुशीवर वळवून पाठ धुतली, कोरडी केली, चादर बदलली. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या पेशंटने वळून बघितलं. "आता जरा मानूस झालो," ते म्हणाले. मेणबत्ती धरून जे कळलं नव्हतं ते मला त्या पडद्याआड कळलं.

तिथेच राहायला हवं होतं असं आज वाटतं. पण राहू कोण देतो? ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स झालो आणि लग्नाचं बघायला लागले. एका मुलीच्या मामांनी पोहे खाता खाता विचारलं, "म्हणजे नर्सच ना? बरं, मग पुढे काय?" डॉक्टरला पुढे काय असं कुणी विचारत नाही. इंजिनियरला नाही. पिठाच्या गिरणीवाल्यालाही नाही. नर्स असलेल्या पुरुषाला मात्र सगळे विचारतात, जणू तो चुकून एखाद्या स्टेशनावर उतरलाय आणि पुढची गाडी पकडणारच आहे.

मी पकडत गेलो. पोस्ट बेसिक बीएस्सी केलं, नोकरी सांभाळून एमएस्सी केलं. अभ्यास मला जड गेला नाही. खरं सांगायचं तर मजा आली. वर्षा, माझी बायको, म्हणायची, "तुझी पुस्तकं तरी संपतील का, की मी पण अ‍ॅडमिशन घेऊ?" पण नर्सिंगमध्ये पुढे जाण्याचा एक चमत्कारिक नियम आहे: जितकं पुढे जाल तितके पेशंटपासून लांब जाल. पलंगापासून सिस्टरांच्या टेबलापर्यंत, टेबलापासून वर्गापर्यंत, वर्गापासून केबिनपर्यंत. पुरुषांना तर कुणीतरी मागून ढकलतच असतं. इन्स्पेक्शनला बोलायला एक पुरुष माणूस बरा, असं बायकाच म्हणतात.

आता मी शिळफाट्याकडच्या एका नर्सिंग कॉलेजात उपप्राचार्य आहे. मी वर्गात शिरलो की मुली उठून एका सुरात "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतात, मग जीभ चावतात. आमच्या लॅबमध्ये एक रबरी पुतळा आहे. पेशंटला अंघोळ कशी घालावी ते मी त्याच्यावर शिकवतो. तो सोशीक आहे. पाठीला जखमा होत नाहीत आणि नकोही म्हणत नाही.

उपप्राचार्य झालो तेव्हा गावाने माझा सत्कार केला. तुमच्यापैकी बरेच जण होतात. फाट्यावर फ्लेक्स लागला: 'मुंबईच्या मेडिकल कॉलेजचे प्रा. शिवाजीराव यांचे हार्दिक अभिनंदन.' मुंबई नाही, मेडिकल नाही, राव तर कधीच नव्हतो. शाल, श्रीफळ आणि डोक्याला न बसणारा फेटा मिळाला. मला माइक दिला तेव्हा मी स्पष्ट म्हणालो, "मी नर्सिंग शिकवतो." माइक खरखरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा टाळ्या.

आप्पा पहिल्या रांगेत बसले होते, धुतलेल्या भुवयांनी. कार्यक्रम संपल्यावर शेजारच्याला सांगत होते ते मी ऐकलं. "आता त्याला कुणाला हात लावावा लागत नाही. नुसता उभा राहून सांगतो."

इतकी वर्षं ते ज्या गोष्टीकडे पाठ फिरवून उभे होते, तिच्यातून मी त्यांना एकदाचं बाहेर काढलं होतं. त्यांचा चेहरा पाहून मलाही बरं वाटलं. बढती म्हणजे काय, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. त्याची किंमत मला दोन वर्षांनी कळली.

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा राहिली. हॉस्पिटलातून सरळ डोंबिवलीला आमच्या घरी आणलं. मी आनंदात होतो म्हटलं तर विचित्र वाटेल, पण आत कुठेतरी होतो. एवढं शिकलो ते आता माझ्या माणसाच्या उपयोगी पडणार. हवेची गादी आणली, पलंग भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी जागा केली. पहिल्या सकाळी बाह्या वर करून पाण्याचं घमेलं घेऊन गेलो.

"हे काय?" आप्पा म्हणाले.

"अंग पुसतो."

"तू?"

"मग कोण?"

"माणूस लाव."

"आप्पा, मीच तो माणूस आहे. हेच शिकलोय मी."

"शिकलास ते साहेब व्हायला. परत हेच करायला व्हय?" त्यांनी चांगला हात छातीवर चादर धरून ठेवायला वापरला. "तुझी आई आणि मी गावात काय तोंड दाखवायचं? प्राध्यापक पोरगा बापाची घाण काढतो म्हणून?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, तो करतो म्हणतोय तर..."

"तू गप ऱ्हा."

शेवटी पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून दिनेश नावाचा माणूस आला. वाईट नव्हता. घाईचा होता. मी बाहेरच्या खोलीत उभा राहून दारातून सांगायचो, "दिनेश, कुशीवर वळव. पाठ बघ. कोरडी कर." आतून आवाज यायचा, "केलं सर." नुसता उभा राहून सांगायचो, आप्पा म्हणाले होते अगदी तसं. वळवलं की नाही ते बघायला आत गेलो की आप्पा चादर गळ्यापर्यंत ओढायचे.

एके दिवशी दिनेश आलाच नाही, फोनही उचलेना. आप्पांची चादर ओली झाली होती. वास सगळ्यांना येत होता. मी आत गेलो. या वेळी विचारलं नाही, सरळ चादरीला हात घातला. आप्पांनी माझं मनगट धरलं. एक बाजू गेलेल्या माणसाच्या दुसऱ्या हातात एवढी ताकद असते हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो, पण ती ताकद माझ्यावर कुणी वापरली नव्हती.

"शिवा," ते म्हणाले, "एवढं एक राहू दे मला."

मी चादर सोडली. जबरदस्तीने करता आलं असतं. पेशंट नको म्हणतो तेव्हा नको, हेही मीच शिकवतो. वर्षाने खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनला बोलावून आणलं. त्या बिचाऱ्याने जमेल तसं केलं. मी गॅलरीत उभा होतो. आत आप्पा त्याला म्हणाले, "आमचा मुलगा प्रोफेसर आहे."

उन्हाळा संपता संपता, दुपारच्या झोपेत ते गेले. अ‍ॅम्ब्युलन्समधून घाट चढून त्यांना गावी नेलं. अंगणात पाटावर ठेवलं. आपल्याकडे थोरल्या मुलाने पहिलं पाणी घालायचं असतं. तांब्याभर घातलं की बाकीचं भावकीतले उरकतात. कुणीतरी माझ्या हातात तांब्या दिला.

मी पाणी घातलं नाही. गरम पाणी आणि साबण मागितला, दोन टॉवेल मागितले. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी बाह्या वर केल्या, आधी तोंड पुसलं, कानामागे पुसलं, गेलेल्या हाताची मूठ उघडून बोटांच्या मधे पुसलं. मग त्यांना कुशीवर वळवलं. त्यांनी चादर धरली नाही.

माकडहाडाशी जखम होती, एकाच कुशीवर पडून पडून होते ती. बरीच जुनी. दर वर्षी परीक्षेत मी तिच्यावर प्रश्न काढतो: कारणं, टप्पे, प्रतिबंध. विद्यार्थिनी पानभर लिहितात. ती माझ्याच घरात, भिंतीपलीकडे, माझ्या बापाच्या पाठीवर वाढत होती आणि मी बाहेरून "पाठ बघ" म्हणत होतो.

ती मी धुतली, आता तिला काही उपयोग नव्हता तरी. हळूच धुतली.

"आवर शिवा," चुलतभाऊ मागून म्हणाला. "लोकं खोळंबल्यात."

गिरणीशेजारचे तुकातात्या काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "करू दे रं त्याला. त्याचं कामच हाय ते."

कंपाउंडर नाही, त्याच्या वरचं नाही, प्रोफेसर नाही. गावातल्या माणसाने पहिल्यांदा बरोबर सांगितलं, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांना मी टॉवेलने कोरडं करत होतो.

आता गावातलं घर बंद असतं, गिरणी दुसऱ्याने घेतली आहे. तुम्ही भेटलात की विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, तिकडचं की इकडचं? उत्तर लहान आहे. जिथे माझ्या हातांना कुणी नको म्हणत नाही ते घर. त्या हिशोबाने डोंबिवलीचा फ्लॅट घर व्हायला फार वेळ लागला, आणि आप्पा त्यात पाहुणेच राहिले.

आई आता आमच्याकडे असते. तिला इथे करमत नाही. तसं ती म्हणत नाही, नुसती गॅलरीत उभी राहते. गेल्या रविवारी मी पेपर तपासत बसलो होतो तेव्हा ती समोर येऊन बसली.

"टाचा फुटल्यात रे. चालवत नाही," ती म्हणाली. "तू बघतोस, का माणूस बोलवायचा?"

मी घमेल्यात कोमट पाणी आणलं आणि खाली बसलो. तिने एक पाय पुढे केला. दुसरा लुगड्याखाली ओढून घेतला.

"तोही दे," मी म्हटलं.

"एवढा मोठा माणूस तू," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत तोही दिला.