बॉबस्लेतला शेवटचा माणूस

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात येऊन मला आठ महिने झाले होते. नवरा आणि मुलगी नागपूरला, त्यांचे व्हिसा अजून व्हायचे होते. दिवसभर हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात लोकांना पुन्हा चालायला शिकवायचं आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकटीपुरता कुकर लावायचा. कुणाशी मराठीत बोलायचं तर फोनवर.

त्या दिवसांत जवळच्या ब्रॅकनेल गावाहून एक जर्मन गृहस्थ माझ्याकडे येऊ लागले. वय सत्तरच्या आसपास, खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बायको इंग्लिश होती, ती दोन वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, विमानानं जर्मनीला कधी जाता येईल? अशा ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, म्हणून मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं: सहा आठवडे थांबा. कशासाठी जायचंय हे मी विचारलं नाही. बाहेर आणखी पेशंट खोळंबले होते.

व्यायाम ते फार मनापासून करायचे. दहा वेळा म्हटलं की दहा, नऊवर कधी थांबले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी सहज विचारलं, तुम्ही कधी खेळात होता का? तेव्हा ते बोलू लागले.

तरुणपणी ते बॉबस्ले खेळायचे. मला तो शब्दच नवा होता. बर्फाच्या नागमोडी उतारावरून चार माणसं एका घसरगाडीत बसून भन्नाट वेगानं खाली येतात. सुरुवातीला चौघंही गाडी ढकलत पळतात, मग एकेक जण आत उडी टाकतो. पुढे बसतो तो चालक, तो गाडी वळवतो. हे सगळ्यांत मागे असत. शेवटी चढायचं, मान खाली घालून बसायचं आणि शर्यत संपली की ब्रेक ओढायचा. अकरा वर्षं एकाच चालकाच्या गाडीवर ते होते. तीनदा जगज्जेते झाले. प्रवास एकत्र, जेवण एकत्र, खोलीही एकच.

मग ऑलिम्पिकच्या हिवाळ्यात चाचणी झाली. एक नवा गडी सेकंदाच्या अगदी बारीकशा अंशानं जास्त जोरात ढकलू शकत होता. चालकानं त्याला घेतलं. हे त्यांना कोचकडून कळलं. शेजारच्या पलंगावर झोपणारा माणूस काहीच बोलला नव्हता. त्या वर्षी गाडीनं सुवर्णपदक जिंकलं आणि यांनी ते आईच्या घरी टीव्हीवर पाहिलं. पुढे बायकोच्या मागोमाग ते इंग्लंडला आले, एका गोदामात नोकरी केली. त्यांच्या गल्लीत आजही कुणाला यातलं काही ठाऊक नाही. चालकाशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

"आता तो आजारी आहे," ते म्हणाले. "त्याच्या मुलीचं पत्र आलंय. त्याला मला भेटायचंय."

फोनवर तरी बोला, असं मी सुचवलं. तेवढ्या वर्षांचं फोनवर कसं बोलणार, असं काहीतरी म्हणून ते पुन्हा सरावाच्या पायऱ्या चढू लागले.

पाचव्या आठवड्यात ते आले ते कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसले. चालक आदल्या दिवशी गेला होता. माझ्या तोंडून कसंबसं सॉरी निघालं. माझं सांगणं नियमाला धरूनच होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. तरीही त्यांच्याकडे बघवेना.

"तू बरोबरच सांगितलंस," ते म्हणाले. "त्याच्याकडेच वेळ कमी होता."

अंत्यविधी पुढच्या आठवड्यात होता. सर्जननं परवानगी दिली आणि ते एकटेच गेले. परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. शवपेटी गावातल्या तरुण खेळाडूंनी उचलली. हे काठी टेकत मागून चालले. शेजारी एक टक्कल पडलेला माणूस चालत होता, तो आपली जागा घेणारा नवा गडी आहे हे त्यांना उशिरा कळलं. दोघं कबरीपर्यंत बरोबर गेले. नंतर त्यांनी चालकाच्या मुलीला विचारलं, वडिलांना मला काय सांगायचं होतं? तिला माहीत नव्हतं. बाबा फक्त रोज विचारायचे, त्याचं उत्तर आलं का.

"मी उत्तर लिहिलंच नव्हतं," ते मला म्हणाले. "म्हटलं, जाणारच आहे."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला फोनवर हे सांगायला घेतलं, पण तिकडे मुलीला झोप येत होती आणि व्हिसाच्या कागदांचं बोलणं राहिलं होतं.

आणखी दोन भेटींनंतर त्यांची ट्रीटमेंट संपली. त्यांनी हात मिळवला, माझ्या मुलीचं वय विचारलं आणि गेले. पेशंटशी बाहेर ओळख ठेवायची नसते. वसंतात एकदा बसच्या खिडकीतून ते मला दिसले, बाजारातल्या गर्दीत, छान ताठ चालताना. माझा स्टॉप पुढचाच होता. उतरून मागे जावं असं मनात आलं, पण बस वळली तेव्हा मी जागेवरच बसून होते.