पंख्याकडे बघणारा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आणि मागच्या चाळीत सर्वेक्षणाला येणारा तो माणूस उत्पन्नाचा प्रश्न आला की पंख्याकडे बघतो. समोरच्याला खोटं बोलताना लाजायला नको ना.

परवा बिचारा पुन्हा आला. सोसायटीवाल्यांनी उत्पन्न कमी सांगितलेलं, चाळवाल्यांनी इभ्रतीपायी जास्त. दोन्हीकडचे आकडे सारखेच निघाले आणि साहेबांनी सगळे फॉर्म परत पाठवले.

“आजी, तुम्ही तरी खरं सांगा. नाहीतर कागदावर गरीब-श्रीमंत कुणी उरतच नाही.”

मी पेन्शन, व्याज, गाळ्याचं भाडं, सगळं सांगून टाकलं. मग विचारलं, “आणि तुला रे किती मिळतात?”

तो पंख्याकडे बघत म्हणाला, “भागतं, आजी.”

मग मीही पंख्याकडेच बघितलं. पुसायला झालाय मेला.