लाल चिठ्ठीचा दिवस

थायलंडमधल्या यसोथोन प्रांतात, एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, दातांच्या विभागाला लागून एक खोली होती. तिथं ओय बसायची. कागदोपत्री ती समुपदेशक, पण पोरं तिला ‘पी ओय’ म्हणत. पी म्हणजे ताई. शाळा सुटलेली, कॉलेजला लागलेली, घर सोडून चाललेली, लग्नाला नको म्हणणारी, अशी अर्धवट वयाची पोरं तिच्याकडे यायची. बाहेरच्या बाकावर ओळखीचं कुणी दिसलं की गालावर हात धरून विव्हळायची. गावाला वाटायचं, आपल्या पोरांचे दात फारच किडलेत.

चाळिशी उलटलेली ओय स्वभावानं भित्री होती. लहानपणी ती विहिरीत डोकावायलासुद्धा घाबरायची. पण दोन वर्षांपूर्वी मिन नावाची एक पोरगी बँकॉकला शिकायला निघताना तिला हसत हसत भेटून गेली, आणि महिन्याभरात तिनं जीव दिला, राखच गावी आली. तेव्हापासून ओयला रडणाऱ्या पोरांची धास्ती वाटेनाशी झाली. रडता रडता अचानक हसू लागलेलं पोर दिसलं, की तिला मिन आठवायची.

मोक तसाच होता. एकवीस वर्षांचा, उंच, खांदे पडलेले. त्याची आई, मे बुआला, म्हणजे बुआलाआई, गवत भरून तिकोनी उशा शिवायची. बाप कधीच दुसरीकडे संसार थाटून बसलेला. एप्रिलमध्ये मोकची सक्तीच्या सैन्यभरतीची चिठ्ठी होती. मडक्यात हात घालायचा. काळी निघाली तर सुटका, लाल निघाली तर बराकीत. चारचौघांत मोकला श्वास लागायचा, अंगातला शर्ट तर तो कुणासमोर काढतच नसे.

“लाल आली तर मी घरी परत यायचा नाही,” एकदा तो खाली मान घालून म्हणाला.

“म्हणजे काय करशील?” ओयनं सरळ विचारलं. “जीव द्यायचं येतंय का मनात?”

मोक एकदम हसला. “गंमत केली हो, पी ओय.”

ओय म्हणाली, “तुझं बोलणं या खोलीबाहेर जात नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला, तर मी तुझ्या आईला सांगणार. चोरून नाही, तुला सांगून.” भरतीच्या दिवशी सोबत यायचं तिनं कबूल केलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तिनं त्याला दाखवून आणलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पण भरतीतून सूट मिळेल इतकं काही त्यांना दिसलं नाही.

भरतीच्या दिवशी तालुका कचेरीच्या मांडवात माणूस माणसाला चिकटून उभं होतं. पंखे नुसती गरम हवा ढकलत होते. मे बुआलानं काळी चिठ्ठी आली तर देवाला टोपलीभर उकडलेली अंडी वाहीन असा नवस बोलला होता. काळी निघालेला एक पोरगा जमिनीवर लोळून ओरडत होता, त्याची आजी त्याच्याभोवती नाचत होती. मोकचं नाव पुकारलं. त्यानं बाही वर सारली, मडक्यात हात घातला. शिपायानं चिठ्ठी उलगडून वर धरली.

“लाल!”

मे बुआला मटकन खाली बसली. आणि मोक हसला. अगदी मोकळेपणानं, सगळ्यांना दिसेल असा. “पोरगं मर्दाचं आहे!” कुणीतरी टाळी वाजवली. ओयची नजर मात्र त्याच्या तोंडावरून हटेना.

“लघवीला जाऊन येतो,” मोक म्हणाला. हुकमाच्या कागदावर अंगठा लावायला पलीकडच्या टेबलापाशी जायचं होतं. तो तिकडे पोचलाच नाही.

ओयनं मुतारी पाहिली, मागचं तळं पाहिलं. तळ्याच्या काठी एक चप्पल पडलेली दिसली आणि ती तिकडे धावली. वाकून पाहिलं तर ती कुण्या बाईची, जुनी, पट्टा तुटलेली. फाटकापाशी लावलेली मोकची मोटारसायकल जाग्यावर नव्हती. चहावाली म्हणाली, “तो उंच पोरगा? स्टँडकडे गेला की.”

आपल्या गाडीत बसून ओयनं आधी मांडवात बसलेल्या मे बुआलाला फोन लावला. वाटेत नदीवरचा पूल लागला. कठड्याशी कुणी उभं आहे का, ते पाहायला मान वळेना. गावी आलेली मिनची राख डोळ्यांपुढे आली. शेवटी बळेच पाहिलं; पूल रिकामा होता.

मोक स्टँडवर बाकावर बसला होता. हातात बँकॉकचं तिकीट.

ओय थोडं अंतर ठेवून बसली. “तुझ्या आईला फोन केलाय. ती येतेय.”

“तुम्ही पण तसल्याच!” तो किंचाळला. “मला मरायचं नाहीये, कळलं? मला पळायचंय!”

“पळालास तर पकडतील. तुरुंगातही शर्ट काढायला लावतात, मोक.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्हाला कसली भीती?”

ओयनं आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. ते थरथरत होते. “हे बघ. मघाशी पुलावरून येताना तुला शोधायला खाली बघवेना मला. हे सगळं निभेल असं वचन मी देऊ शकत नाही. पण तू जाईपर्यंत रोज आपण त्याची तयारी करू, एवढं देते.”

बस आली. मोक उठला, एक पाय पायरीवर ठेवला आणि तिथंच थिजला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

“चढतोयस का उतरतोयस?” कंडक्टर खेकसला. “गाडी काय तुझ्या मामाची आहे?” मग त्याचा पांढराफटक चेहरा पाहून स्वतःच खाली उतरला, बर्फाच्या पाण्याची पिशवी त्याच्या मानेवर धरली. “बस रे बाबा, बस खाली. पुढच्या गाडीनं ये.”

बस गेली. तेवढ्यात शेजाऱ्याच्या गाडीवरून मे बुआला आली. केसांत सकाळच्या शिवणकामातल्या गवताच्या काड्या तशाच. तिनं मोकच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “मेल्या, मला एकटीला टाकून निघालास?” आणि त्याच हातानं त्याला कवटाळलं. मोक रडला. ते रडणं ऐकून ओयच्या जिवात जरा जीव आला.

मांडव उठायच्या आत तिघं कचेरीत परतली. मोकनं अंगठा लावला.

बोलावणं नोव्हेंबरचं होतं. बराकीची सवय व्हावी म्हणून मधले महिने ओयनं त्याला देवळातल्या भिक्खूंच्या लांबलचक खोलीत झोपायला पाठवलं. पहिल्या रात्री तो पहाट व्हायच्या आत पळून आला. पुढं टिकला. देवळाच्या हौदावर सगळ्यांदेखत आंघोळही करू लागला, पाठमोरा उभा राहून का होईना.

तो गेला, आणि ओयचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की आधी भीती, मग नंबर. कित्येक आठवड्यांनी त्याचा आवाज आला.

“पी ओय, इथं आपला चिकट भात देतच नाहीत हो! रात्री अजून धडधडतं. पण बाजूच्या खाटेवरचा पोरगा पण रडतो. मी त्याला तुमचंच शिकवलेलं सांगितलं, पाय जमिनीला टेकव.”

“टेकवले का त्यानं?”

“आधी शिव्या दिल्या. मग टेकवले.”

सेवा संपवून तो परतला, शेजारच्या उबोन शहरात गॅरेजमध्ये लागला. झोपेची गोळी अजून लागते. ओय दर एप्रिलमध्ये भरतीच्या मांडवात मागच्या रांगेत उभी असते. तिची भीती काही गेलेली नाही. नावं पुकारली जातात तशी ती एकेका पोराच्या तोंडाकडे निरखून पाहते, आणि लाल चिठ्ठीवर कुणी हसलं, की गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे निघते.